आत्यांच्या उशाखालचा फोन

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी माझ्या सासूबाई विहारात माइकसमोर पंचशील म्हणत होत्या आणि तिसऱ्या शीलावरून त्यांनी थेट पाचव्यावर उडी मारली. मधलं चौथं, म्हणजे खोटं न बोलण्याचं, गळालं ते गळालंच. आमच्याकडे एक जण पुढे म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात, त्यामुळे अख्ख्या विहारानं आत्यांबरोबर ती उडी मारली. एवढ्यावर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण पाचवं शील दारू न पिण्याचं, आणि मागच्या रांगेतली काही मंडळी ते कधी येतंय याच्यावर बारीक नजर ठेवून असतात. ते अचानक लवकर आलं म्हणून ती दचकली. 'आता खोटं बोलायला मोकळीक झाली काय,' असं कोणीतरी पुटपुटलं, चार बाया पदराआड हसल्या, आणि आत्यांना कळलं. त्या माघारी फिरून चौथं शोधायला लागल्या, तर ते सापडेना. माइकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. शेवटी मी मागून सांगितलं, त्यांनी म्हटलं, कार्यक्रम पार पडला, खीर वाटली गेली. आत्यांनी खीर घेतली नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या मला मास्तरीन म्हणतात, कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि कारण मी घरातही शिकवते असं त्यांचं म्हणणं आहे. लग्न होऊन मी ताडकळसला आले तेव्हाही विहारात पुढे म्हणायला त्याच होत्या. लहानपणी त्यांच्या माहेरच्या वस्तीवर एक म्हातारे गुरुजी कंदील लावून सगळ्यांना वंदना शिकवायचे. मोठी माणसं वही घेऊन बसायची, आणि या दाराशी बसून ऐकायच्या. ऐकून ऐकून सगळी पाठ झाली. शाळेत मात्र त्यांना कोणी घातलं नाही. अक्षर ओळखीचं नाही, पण वंदना सुरू झाली की त्यांची मान अशी ताठ होते की शिकलेल्या माणसानं पदवी घेताना तशी करावी.

दोनच दिवसांनी विहार समितीचे अध्यक्ष घरी आले. अध्यक्ष म्हणजे तिशीतला पोरगा, बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे, बोलायला लय गोड. मला गोड बोलणाऱ्या माणसांची भीती वाटते. तिखट माणूस परवडतो, त्याचं काय ते तोंडावर असतं. अध्यक्ष आधी आत्यांच्या पाया पडले, मग त्यांनी गुडघे कसे आहेत विचारलं, मग डोळ्यांचं ऑपरेशन कधी करता विचारलं, आणि मग म्हणाले की आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होणार, तीन महिने रोज संध्याकाळी वंदना आणि ग्रंथवाचन, आजीला रोजचं झेपायचं नाही. आता पेनड्राइव्हवर सगळी वंदना मिळते, आवाज स्वच्छ, चूक नाही, एक बटण दाबलं की झालं. आजींनी पुढच्या रांगेत खुर्चीत बसून आशीर्वाद द्यावा.

मी म्हटलं, पेनड्राइव्हच्या मागे म्हणायचं तर माणसांनी विहारात कशाला यायचं, तुमच्या दुकानातच जमू की. ते हसले. माझे मिस्टर पूर्ण्याला एका कॉलेजात क्लार्क आहेत आणि भांडण दिसलं की ते चष्मा पुसायला घेतात. ते चष्मा पुसत राहिले. शेवटी असं ठरलं की आषाढी पौर्णिमेला पहिल्या दिवशी आत्याच म्हणतील. बिनचूक झालं तर वर्षावासभर त्याच. अडखळल्या तर पेनड्राइव्ह.

आत्या म्हणाल्या, "बरं." या बाईनं आयुष्यात कुठल्या गोष्टीला नुसतं बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. चहात साखर बरोबर असली तरी त्या दोन वाक्यं बोलतात.

त्या दिवसापासून त्यांचं बोलणं आटलं. मला अन्नाचा घास गोड लागेना, कारण घरात भांडायला कोणी उरलं नाही. एकदा दोघी मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "तुमी इसरलात तर पुस्तक उघडता, मास्तरीन. मी काय उघडू?"

मी मेथीच्या काड्या उगाच बारीक तोडत बसले.

आमची लेक संभाजीनगरला शिकते, ती सुट्टीत आली होती. तिनं आजीची ही गत पाहिली आणि कुठंतरी वाचलेलं सांगितलं. म्हणे गाढ झोपेत मेंदूत संथ लाटा उठतात, आणि दिवसभराच्या आठवणी तेव्हा जागेवर लावून ठेवल्या जातात. वय झालं की या लाटा मंदावतात. तर काही ठिकाणी म्हाताऱ्या माणसांना झोपवून, डोक्याला तारा लावून, लाट वर चढतेय तेवढ्यात कानात हलकासा सूं असा आवाज सोडून बघतात. आवाज इतका हलका की झोप मोडत नाही, पण लाट जरा जोर धरते. सकाळी काही जणांना आदल्या दिवशीचे शब्द थोडे जास्त आठवले. अजून हे सगळं तपासणंच चालू आहे, आणि लाटेची वेळ नेमकी साधली तरच उपयोग, हे तिनं दोनदा सांगितलं. फोननं ते जमणार नाही, हेही सांगितलं. आमच्या घरात पोरीनं सांगितलेल्यातलं जे सोयीचं तेवढंच ऐकू जातं. आवाज, झोप, आठवण हे तीन शब्द आम्ही उचलले आणि बाकीचे तिला परत दिले.

मिस्टरांचा एक जुना फोन कपाटात पडून होता. लेकीनं नाइलाजानं, निदान आजीला शांत झोप तरी लागेल म्हणून, त्यात पावसाच्या भुरभुरीसारखा आवाज टाकला आणि फोन आत्यांच्या उशाखाली ठेवला. रात्री आत्यांना झोप कमी, त्यामुळे प्रयोग दुपारी. जेवण झालं की त्या ओसरीवरच्या खाटेवर आडव्या होतात आणि तासाभरात अशा घोरतात की दारातली शेळी दावं ताणते.

पहिल्या दुपारी आवाज सुरू केला. आत्या डोळे मिटून पडल्या, आणि थोड्या वेळानं ताडकन उठून स्वयंपाकघरात गेल्या. सिलेंडरचं बटण फिरवून बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मला बोलल्या की घरात गॅस सुटायलाय अन् तू खुशाल फुलं विणीत बसलीस. कितीही सांगितलं तरी त्यांना पटेना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी झोपण्याआधीच सिलेंडर बंद केला, आणि मिस्टरांना चार वाजता चहा मिळाला नाही. तेव्हा सूं आवाजाचं शास्त्र आमच्या घरातून हद्दपार झालं.

मग मिस्टर म्हणाले की नुसता सूं सूं आवाज कशाला, आईला जे पाठ व्हायला हवं तेच ऐकवा ना. लेक कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, पप्पा, झोपेत धडा शिकवता येत नाही, तसं असतं तर मी आत्तापर्यंत डॉक्टर झाले असते. पण आम्ही ठरवलं होतं. मिस्टरांनी स्वतः पंचशील म्हणून फोनमध्ये भरलं. त्यांची म्हणायची पद्धत कॉलेजातलं परिपत्रक वाचल्यासारखी. आत्या झोपेतच कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, "चाल चुकली, बाबा." मग माझा आवाज भरला. माझा आवाज शाळेत तिसऱ्या वर्गापर्यंत जातो, त्याची आत्यांना सवय आहे. त्यावर त्या शांत झोपल्या. आम्ही तिघं दाराआडून बघत होतो. लेक म्हणाली, पाठ होणार नाही, पण झोप लागलीय एवढं खरं. ती चार दिवसांनी परत गेली.

आता ज्याच्या हाती फोन त्याच्या मनात काय येणार? चोराच्या मनात चांदणं. एक दिवस भरताना शेवटी माझं पंचशील संपलं आणि बटण अजून दाबायचं होतं. मी हळू आवाजात म्हटलं, "सुनेच्या हातची अंबाडीची भाजी चांगली असते." बास, एवढंच. या भाजीवरून आत्यांनी मला लग्नापासून बोलून घेतलंय. माझ्या भाजीत आंबटपणा कमी पडतो, त्यांच्या आईच्या भाजीत म्हणे जीभ टाळ्याला लागायची.

दोन दिवसांनी मी अंबाडी केली. आत्यांनी पहिला घास खाल्ला, ज्वारीची भाकरी मोडली, दुसरा घास खाल्ला आणि म्हणाल्या, "आज बरी झालीय." मला भरून आलं. मी मनात त्या सगळ्या शास्त्रज्ञांना, ते जिथं कुठं असतील तिथं, अंबाडीबरोबर एकेक भाकरी वाढली.

आनंद पोटात ठेवता येईना म्हणून मी मिस्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवसापासून आत्यांनी त्यांना तंबाखूवरून बोलणं सोडलं. पन्नाशीच्या लेकाला त्या रोज सकाळी तंबाखूच्या पुडीवरून धुऊन काढत असत, तो आमच्या घरचा भूपाळीचा शिरस्ता होता. तो बंद झाला. मी फोन ऐकून पाहिला. माझ्या आवाजातल्या पाचव्या शीलानंतर मिस्टरांचा परिपत्रकी आवाज होता, 'लेक मोठा झालेला आहे, त्यास तंबाखूबाबत बोलण्यात येऊ नये.' मी रागावले नाही. उलट शास्त्राला आणखी एक पुरावा मिळाला म्हणून बरंच वाटलं.

मग गंगाखेडहून नणंद आली. आईला वंदना आठवत नाही हे ऐकून ती हळहळायला आली होती आणि पुरेसं हळहळली. भावानं बहिणीला फोनची कथा सांगितली असणार, कारण ती गेल्यावर मला त्यात तिचा आवाज सापडला. माळ्यावरचा तांब्याचा हंडा लेकीचा असतो, असं ती अगदी मायेनं, अंगाई म्हणावी तशी म्हणत होती. त्या हंड्यावर माझाही डोळा होता, हे खोटं का बोलू. संध्याकाळी आत्या आपणहून म्हणाल्या की त्यांना दुपारी सपान पडलं, सपनात हंडा दिसला. कुणाच्या हातात दिसला, ते मात्र त्या सांगेनात. नणंदेनं फोनवर तीनदा विचारलं. आत्या म्हणायच्या, धूसर दिसलं गं माय, उद्या नीट बघते.

आता मला वाटतं की मी शिक्षिका असून हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही. वर्गात डोळे मिटून बसलेलं पोरगं झोपलंय का सोंग करतंय, हे मी दारातून ओळखते. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, हे फळ्यावर सुविचार म्हणून मी स्वतः लिहिलंय. पण आपल्या मनासारखं घडत असलं की माणूस तपासणी करत नाही. या काळात आत्या घोरायच्या थांबल्या होत्या, आणि मला वाटायचं, वा, झोप सुधारली.

घरात असा सगळा आनंदीआनंद होता, पण वंदनेचं काय? ती मी रोज संध्याकाळी म्हणवून घेत असे. चार दिवस सरळ यायची, पाचव्या दिवशी चौथं शील गळायचं. तेच ते चौथं. कधी ते येऊन पुढचं उलटं व्हायचं. अडल्या की त्या दाराबाहेर बघत. एकदा मी उगाच धीर द्यायला म्हटलं की एवढं काय, सगळेच विसरतात. तर त्या म्हणाल्या, "तू कशाला फिकीर करायलीस. मला खुर्चीत बसवनार हायेत, तुला न्हाई." खुर्चीची त्यांना भीती होती. विहारात आजवर त्या जमिनीवर बसत आल्या होत्या, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. दुपारचं घर आत्यांवर आणि उशाखालच्या फोनवर सोडून मी शाळेत जायला लागले. एका रविवारी मी रोजच्यासारखा फोन ऐकून पाहिला, तर हंड्याच्या पुढे एक नवा आवाज. गोड. आजी आता थकली, आजीला विश्रांती पाहिजे, आजीनं खुर्चीत बसावं, पेनड्राइव्हचा आवाज चांगला. अध्यक्ष. मी मिस्टरांना बोलावलं. आधी चष्मा, मग कबुली. चहाच्या टपरीवर त्यांनी गंमत म्हणून हे सगळं सांगितलं होतं, आणि अध्यक्ष एका दुपारी आषाढी पौर्णिमेच्या वर्गणीची पावती द्यायला म्हणून येऊन गेले होते. घरात फक्त आत्या, त्या झोपलेल्या.

मला इतका राग आला की मी बसस्टँडपर्यंत चालत गेले. अंबाडीची भाजी वेगळी, तंबाखू वेगळा. म्हाताऱ्या बाईच्या उरलेल्या एका जागेवरून तिला उठवायचं, तेही ती झोपलेली असताना, तिच्याच कानात शिरून. दुकानात गिऱ्हाईकं होती. अध्यक्षांनी मला बघितलं आणि खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. काही बोललेही नाही, कारण तोंड उघडलं असतं तर माझंही अंबाडीचं बाहेर आलं असतं. चार्जरची किंमत विचारून परत आले. घरी येऊन ते वाक्य पुसलं आणि फोन कपाटात टाकला. आत्यांनी दुपारी उशी चाचपली आणि विचारलं, "आज बोलनं न्हाई का कुनाचं?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात जरासा उजेड पडायला हवा होता. नाही पडला. मला वाटलं, त्या वंदनेबद्दल विचारतायत.

आषाढी पौर्णिमा आली. आत्यांनी पांढरं लुगडं नेसलं आणि माझ्याकडून केस विंचरून घेतले. वाटभर त्यांचा हात माझ्या हातात होता. विहारात गर्दी होती, आत्यांची परीक्षा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. साउंडच्या डब्याजवळ अध्यक्ष उभे होते आणि डब्यात पेनड्राइव्ह आधीच खोचलेला होता. त्याचा निळा दिवा लुकलुकत होता. पुढच्या रांगेत एक प्लास्टिकची खुर्ची रिकामी ठेवली होती.

आत्या जमिनीवर बसल्या. त्रिशरण सरळ झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. सगळा विहार मागून म्हणत होता. तिसऱ्याचा आवाज खाली बसला आणि आत्या थांबल्या.

नुसता पंखा फिरत होता. मी पुढे सरकले, पण मी काही सांगितलं तर ते चुकलंच असं धरणार होते. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. अध्यक्षांचा हात बटणाकडे गेला.

"थांब रं बाबा," आत्या माइकमध्ये म्हणाल्या. "इसरले न्हाई मी. चौथं शील म्हनायच्या आधी जरा खुलासा करून घेते. निजलेल्या मान्साच्या कानात येऊन, आजी थकली, पेनड्राइव्ह लावा, असं कोन म्हनलं?"

अध्यक्षांचा हात तिथंच राहिला. कोणाला काही कळेना. आत्यांनी मग सगळ्यांना समजेल असं सावकाश सांगितलं, की आमच्या घरी एक फोन हाय, तो माझ्या उशाखाली ठेवतेत आणि त्याच्यात ज्याला जे पाहिजे ते बोलून जातेत. लेकीनं हंडा मागितला. तो मी अजून कुनालाच दिला न्हाई. लेकानं तंबाखूची परवानगी घेतली, ती आज रद्द हाय. सुनेनं अंबाडीच्या भाजीची तारीफ करून घेतली. भाजी तशीच बेचव हाय, मी पोरीचं मन राखलं. आणि समितीचे अध्यक्ष मला खुर्ची देऊन गेले.

विहार हसायला लागला. मागच्या रांगेतली मंडळी तर भिंतीला टेकली. मिस्टरांनी चष्मा काढला, पण पुसायला रुमाल सापडेना. माझं तोंड असं झालं होतं की मी ते पदरात घातलं. अध्यक्ष कान धरून पुढे आले आणि आत्यांच्या पाया पडले. मनापासून पडले, असं म्हणायला मला जड जातं, पण पडले.

"हे असं असतंय," आत्या म्हणाल्या, "म्हनून चौथं शील." आणि त्यांनी ते म्हटलं. लख्ख, त्या म्हाताऱ्या गुरुजींच्या चालीत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मग पाचवं. सगळ्या विहारानं असं म्हटलं की बाहेर रस्त्यावर मोटरसायकली थांबल्या. पेनड्राइव्ह कोणी काढून घेतला ते मला दिसलं नाही. खुर्चीवर नंतर एका लेकुरवाळीनं पोरगं झोपवलं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. मिस्टरांनी तिला सगळं आधीच रंगवून सांगितलं होतं. ती हसून हसून दमली आणि मग तिनं विचारलं की आई, पण आवाजाचा काही उपयोग झाला का, खरं सांग. मी म्हटलं, तुझी आजी झोपलीच नव्हती तर उपयोग कसला. ती म्हणाली, मग चौथं शील कसं आठवलं? मी म्हटलं, ती विसरलीच नव्हती, नाटक करत होती, सगळ्यांना खेळवलं तिनं. आणि मी हे अभिमानानं सांगत होते.

आत्या ओसरीवर होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. मिस्टर कॉलेजला गेले होते. त्या बराच वेळ लुगड्याच्या काठाचा एक धागा ओढत राहिल्या.

"मास्तरीन, मी खरंच इसरले व्हते," त्या म्हणाल्या. "समोर नुसता अंधार. हात बटनाकडं चाललेला दिसला, म्हनून तोंडाला यील ते बोलत सुटले. भांडता भांडता ते सापडलं."

मला वाटलं, त्या पुन्हा खेळवतायत. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. खेळवत नव्हत्या.

मी विचारलं, मग दुपारी तुम्ही जाग्या होतात ते? त्या म्हणाल्या, ते खरं, झोप लागतच नव्हती, पौर्णिमेची धास्ती होती. तुमी सगळे येऊन बोलायचा तेवढाच इरंगुळा. मग त्यांनी विचारलं, "आज सांजच्याला काय करू? रोज रोज कुनाची चोरी सापडनार हाय?"

तीन महिन्यांचा वर्षावास समोर होता. मी म्हटलं, "माझ्याशी भांडा. आपल्याला कारण कुठं लागतं?"

त्या वर्षावासात मी रोज संध्याकाळी आत्यांच्या अगदी शेजारी बसले. त्यांचा श्वास अडला की मला आधी कळायचं. लगेच मी मोठ्यानं म्हणायची, आत्या, पदर माइकवर आलाय. किंवा, आत्या, मागे ऐकू जात नाही. किंवा, आज चाल लय ओढायलात तुमी. आणि आत्या माइकमधून मला झापायच्या. तुला लय कळतंय, शाळा शाळेत घे, आयुष्यभर मला शिकवायलीस. त्या झापण्याच्या ओघात कुठंतरी पुढची ओळ त्यांच्या हाताला लागायची आणि त्या वंदनेत परत शिरायच्या. काही दिवशी दोन-दोनदा भांडावं लागलं. एका संध्याकाळी पहिल्या झापण्यानं काही सापडलं नाही, म्हणून मी त्यांच्या माहेराचं नाव काढलं. त्या दिवशी सगळी वंदना सापडली आणि वर त्यांनी मला दोन जादा शब्दही सुनावले.

गावात माझी अब्रू गेली. शिकलेली असून सासूला चारचौघांत टोकते, विहारात तरी गप्प बसावं, असं बाया बोलायला लागल्या. माझ्या शाळेतल्या एका पोराच्या आईनं पालकसभेला माझ्याकडे बघून नाक मुरडलं. शेवटी अध्यक्षांची बायको एक दिवस वंदना संपल्यावर आमच्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली की वहिनी, राग नका मानू, पण म्हाताऱ्या माणसाला असं लोकांत बोलू नाही, आजींचं मन दुखत असेल.

मी काय सांगणार? म्हटलं, माझा स्वभावच वाईट आहे.

आत्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, घट्ट, आणि तिला म्हणाल्या, "जाऊ दे माय. मी हाय म्हनून निभावून न्यायलेय."